द्राक्षांचा नियम युरोपात होतो, कांद्याचा दिल्लीत. मग आपल्या मताला किंमत कुठे?

मूळ मांडणी (गंगापूर रोड, नाशिक)

मायकेल हार्ट आणि आंतोनियो नेग्री या डाव्या विचारवंतांनी २००० साली असे मांडले की सार्वभौम सत्ता आता कोणत्याही एका राजधानीत राहिलेली नाही. ती कंपन्या, व्यापारी करार, जागतिक संस्था आणि बलाढ्य राष्ट्रे यांच्या जाळ्यात विखुरली आहे, आणि म्हणून तिला होणारा प्रतिकारही विखुरलेला, एका पक्षाच्या वा पुढाऱ्याच्या मुठीत नसलेला असेल. यातला पहिला भाग मला पटतो, आणि तो पटण्यासाठी निफाडच्या द्राक्षबागांपलीकडे जावे लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला म्हणून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात नाकारले गेले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. ज्या नियमाने बागायतदाराचा हंगाम बुडाला, तो नियम करणाऱ्यांना निवडण्याचा वा पाडण्याचा अधिकार त्याला कधीच नव्हता. ज्यांना तो निवडून देतो, त्यांना तरी कोणी विचारले? भारत १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा संस्थापक सदस्य झाला तो सरकारच्या अधिकारात, कारण असा करार करण्यासाठी आपल्याकडे संसदेची पूर्वसंमती लागत नाही. चळवळींनी भाव आणि अनुदान जरूर मागावे, पण त्याआधी हा हक्क मागावा: कोणताही व्यापार करार संसदेतील मतदानाशिवाय लागू होता कामा नये.

प्रतिसाद (कांदा उत्पादक, लासलगाव परिसर)

आपण द्राक्षे घेतलीत, मी कांदा घेतो. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागू झाली ती ना जिनिव्हातून (जागतिक व्यापार संघटनेकडून) आली, ना ब्रुसेल्समधून (युरोपीय संघाकडून). ती दिल्लीने, आम्हीच निवडलेल्या सरकारने, एका अधिसूचनेने लादली. त्या दिवसांत बाजारात असतो तो लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो साठवणुकीच्या कांदाचाळीत भरून थांबता येत नाही. ट्रॉली बाजार समितीच्या आवारात उभी राहिली की बोली होईल त्या भावाने द्यावाच लागतो. युरोपचा नियम जाचक असेल, पण तो छाटणीआधी वाचायला मिळतो. दिल्लीची बंदी मात्र माल काढून झाल्यावर येते. १९८० मध्ये याच जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवणाऱ्या शरद जोशींनी पुढे डंकेल प्रस्तावाचे, म्हणजे ज्यातून जागतिक व्यापार संघटना उभी राहिली त्या मसुद्याचे, समर्थन केले, ते शेतकऱ्याचा भाव पाडणारा हात देशातल्याच सरकारचा आहे हे ओळखून. डाव्या विचारवंतांना जागतिक भांडवल लांबून दिसते आणि दिल्लीतले कृषी मंत्रालयाचे कृषी भवन जवळून दिसत नाही, याचे मला नवल वाटत आले आहे.

प्रतिसाद (सुरगाणा, नाशिक जिल्ह्यातील आदिवासी तालुका)

वरच्या दोन्ही मांडण्यांत ज्याच्याकडे विकायला निर्यातीचा माल आहे असाच शेतकरी आहे. आमच्याकडे प्रश्न कसत असलेल्या वनजमिनीच्या सातबाऱ्याचा आहे. वनजमीन कसणाऱ्यांना तिच्यावर हक्क देणारा वनहक्क कायदा संसदेनेच २००६ मध्ये केला, मतदानाने केला, आणि तरीही ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेच्या झेंड्याखाली निघून आम्हाला सुमारे १८० किलोमीटर चालत आझाद मैदान गाठावे लागले. दहावीच्या मुलांची परीक्षेच्या सकाळी अडचण होऊ नये म्हणून मुंबईतला शेवटचा टप्पा रात्रीतून चाललो. लेखी आश्वासन मिळाले. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा निघावे लागले. तेव्हा संसदेत मतदान झाले की लोकशाही पूर्ण झाली, असे कृपया समजू नये. आणि नेता नसलेल्या प्रतिकाराबद्दल एवढेच सांगतो, की गावोगावच्या बैठका आणि घरून बांधून आणलेले धान्य यांच्याशिवाय तो मोर्चा कसारा घाटही उतरला नसता. ते गोळा करायला संघटना लागते, आणि संघटना म्हटली की पुढारी आलेच. नेग्री यांचे तेवढे आम्ही वाचले नसले तरी चालेल.

मूळ लेखक

सुरगाण्याच्या मित्रांचा आक्षेप रास्त आहे. विखुरलेल्या प्रतिकाराबद्दल मीही साशंक होतो, म्हणूनच पहिलाच भाग पटतो असे लिहिले. राजकीय विचारवंत शांताल मूफ यांचे म्हणणे मला इथे अधिक उपयोगी वाटते: संघर्ष मिटवणे हे लोकशाहीचे काम नव्हे, विरोधकाला शत्रू न मानता उघडपणे झुंजता येईल अशी जागा राखणे हे तिचे काम आहे. आझाद मैदानावर ती जागा होती. कांद्याच्या बाबतीत तर आपलेच उदाहरण माझ्या बाजूचे आहे. बंदी उठली ४ मे २०२४ रोजी, आणि नाशिक व दिंडोरीचे मतदान होते २० मे रोजी. तरीही दिंडोरीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पडल्या. दिल्लीला मताची भीती घालता येते, ब्रुसेल्सला घालता येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

प्रतिसाद (कांदा उत्पादक, लासलगाव परिसर)

बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. शुल्क पूर्णपणे गेले १ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे मताची भीती सरून दहा महिने उलटल्यावर. उद्या करार संसदेत नेलात, तरी तिथे कांदा पिकवणाऱ्यांपेक्षा विकत घेऊन खाणाऱ्यांचे खासदार जास्त असणार. त्या मतदानात आम्ही हरलो, तर तो निर्णय लोकशाही म्हणून आम्ही मान्य करायचा की नाही, याचे उत्तर आपल्या मांडणीत मला अजून सापडलेले नाही.