मदत हवी आहे: सायकलला नवी चैन टाकली तरी सपाटीवर सटकते, घाटात सटकत नाही

नमस्कार मंडळी, मी जळगावचा. तीन वर्षं जुनी रोडबाईक आहे, गियर शिमानो सोराचे, पुढे ५० अन् ३४ दातांच्या दोन चकत्या अन् मागे ९ गियरची ११-३२ कॅसेट, म्हणजे ११ ते ३२ दातांच्या ९ चकत्यांचा संच. मीटरवर ११ हजार किमी झालेत आणि सांगायला लाज वाटते पण चैन पहिलीच होती. तेल नेमाने टाकायचो, शिलाई मशीनचं, त्यावर यावल-फैजपूरकडच्या केळीच्या बागांमधली काळी धूळ, बोट लावलं की नखातली काजळी दोन दिवस निघायची नाही.

मागच्या महिन्यात स्टीलची पट्टी लावून चैन मोजली. एका पिनच्या मध्यावर शून्य धरलं तर बरोबर १२ इंचावर पिनचा मध्य यायला पाहिजे ना, माझा तिथून १/८ इंच पुढे, म्हणजे ३ मिमी. घाबरून नवी ९ स्पीडची चैन आणली, गल्लीतल्या मिस्त्रीकडून टाकून घेतली आणि खरा ताप तिथून सुरू झाला.

सपाट रस्त्यावर लहानाकडून तिसऱ्या-चौथ्या चकतीवर असलो अन् उभं राहून जोर दिला की खटाक! चैन दात सोडून उडते. परवा तापीच्या पुलाजवळ मागून केळीचा ट्रक, मी घाईत जोर मारला, पेडल रिकामं गेलं आणि गुडघा हँडलला. वाचलो म्हणायचं. पण गंमत बघा, रविवारी चाळीसगावहून कन्नड घाट चढलो, मागच्या सगळ्यात मोठ्या दोन चकत्यांवर, एकदाही सटकली नाही. घाटात जोर जास्त तरी गप्प, सपाटीवर नाटकं, हे गणित डोक्यात जात नाहीये.

मिस्त्री म्हणतो गियरची केबल ढिली, दोनदा आवळून दिली, फरक शून्य. दुकानदार म्हणतो क्रँकसकट (पेडलचे दांडे अन् पुढच्या चकत्या) अख्खा सेट बदला. खरंच लागेल का? की जुनीच चैन परत टाकू? अजून फेकली नाहीये.

प्रतिसाद (लळिंगचा चढ, धुळे):
भाऊ, उत्तर तुम्हीच लिहिलंय की. आपल्याकडे रस्ते सपाट, वर्षभर त्याच दोन-तीन चकत्या फिरतात, त्याच झिजल्या. घाटाच्या चकत्या जवळपास कोऱ्या आहेत. लांबलेल्या चैनीने दाते तिच्या मापाने खाल्ले, आता नवी चैन त्या खाचेत नीट बसत नाही अन् जोर आला की दातावर चढते. केबलचं काही असतं तर गियर बदलताना कुरकुर झाली असती.

एक बघून घ्या, मागचं चाक उचलून पेडल हळू उलटं फिरवा, डिरेलरच्या (मागे चैन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो) छोट्या चाकांमधून जाताना एखादी कडी अडखळते का. जोडलेली कडी टाइट राहिली तरी सटकते, पण मग सगळ्याच चकत्यांवर सटकते.

कडी मोकळी असेल तर ९ स्पीडची ११-३२ कॅसेट घ्या, बस. क्रँकला हात लावू नका, ५० च्या चकतीचे दाते विळ्यासारखे वाकले असतील तरच बदलायची. जुनी चैन टाकली तर सटकायचं थांबेल बहुतेक, पण मग पुढच्या चकत्याही खाईल. कॅसेट काढायला लॉकरिंगचा (कॅसेट आवळून धरणारी रिंग) पाना आणि चैन व्हिप (चकती फिरू नये म्हणून धरायचा दांडा) लागतं. अन् मिस्त्रीला छिन्नी-हातोडी लावू देऊ नका, पाया पडतो.

धागाकर्ता:
फिरवून बघितलं, सगळ्या कड्या मोकळ्या. मग कापड मारून टॉर्च धरला तर तिसऱ्या चकतीचे दाते एका अंगाला घासून टोकदार झालेत, मोठ्या चकतीचे चपट्या डोक्याचे, जसेच्या तसे. कॅसेट ऑर्डर केली. चैन व्हिपऐवजी जुन्या चैनीचा तुकडा लोखंडी पट्टीला बोल्ट मारून चालेल का?

लळिंगचा चढ:
पळेल. चकती धरून ठेवायचीय फक्त. लॉकरिंग बसवताना मात्र ४० न्यूटन मीटर जोराने आवळा, करकर आवाज आला तर घाबरू नका, ती तशीच बसते. आणि ही चैन ०.७५ टक्के लांबली की लगेच काढा. ते शिलाई मशीनचं तेल वहिनींना परत द्या.