चिफ्लींच्या मंत्रिमंडळात संपावर सैन्य उतरवायला कुणीच विरोध केला नाही का?

भुसावळकर:
ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला तिथले माजी पंतप्रधान बेन चिफ्लींचं बझ्बी स्ट्रीटवरचं घर पाहून आलो. पंतप्रधानाचं घर, पण आमच्या रेल्वे क्वार्टरसारखं साधं. मूळचे इंजिन ड्रायव्हर. १९१७ च्या संपात नोकरी गेली आणि परत घेतलं ते फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा म्हणून. माझे वडील लोको शेडमध्ये होते. रेग्युलेटरवरून, म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवरून उतरवून पुन्हा हातात फावडं देणं म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच माणसाच्या लेबर (कामगार) पक्षाच्या सरकारने १९४९ मध्ये कोळसा खाणींच्या संपात सैन्य उतरवलं, हे मला पचत नाही. मंत्री त्यांनीच निवडलेले होते, म्हणून सगळे गप्प बसले का?

मृणाल_कॅनबेरा:
मंत्री त्यांनी निवडलेच नव्हते. लेबर पक्षात मंत्री कोण होणार, हे कॉकस म्हणजे पक्षाचे सगळे खासदार मतदानाने ठरवत. पंतप्रधानाकडे फक्त खातेवाटप. एडी वॉर्डसारखा आक्रमक डावा माणूस आणि स्थलांतर खात्याचे आर्थर कॉलवेल एकाच टेबलाशी बसत, ते यामुळेच. अर्थखातं मात्र चिफ्लींनी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं. संप सुरू झाला जूनअखेर, ऐन हिवाळ्यात. वीज तुटली, कारखाने बंद पडले. हे कम्युनिस्टांचं सरकारला आव्हान आहे, असं मंत्रिमंडळाचं मत झालं. आधी युनियनचा पैसा संपासाठी वापरण्यावर कायद्याने बंदी आली, नेते तुरुंगात गेले, आणि १ ऑगस्टला सैनिक उघड्या खाणींत कोळसा काढू लागले.

सह्याद्री७:
पण मागण्या कम्युनिस्टांच्या नव्हत्या, मजुरांच्या होत्या. ३५ तासांचा आठवडा, ३० शिलिंग पगारवाढ, दीर्घ सेवेची रजा. जमिनीखाली राबणाऱ्या माणसाने हे मागू नये का? युनियनचं नेतृत्व कम्युनिस्टांकडे होतं, एवढ्यावरून मागणी खोटी ठरत नाही. ऑगस्टच्या मध्यावर संप मोडला आणि १० डिसेंबरच्या निवडणुकीत लेबर हरून विरोधी नेते मेन्झीस सत्तेवर आले.

मृणाल_कॅनबेरा:
मागण्या रास्त होत्या, मान्य. पण पराभव एकट्या संपामुळे झाला नाही. १९४७ मध्ये खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला, तो हायकोर्टात आणि पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील न्यायालयातही टिकला नाही. त्यात पेट्रोलचं रेशनिंग. बँकांनी तर सरकारविरुद्ध रानच उठवलं होतं.

भुसावळकर:
कॉकसचं माहीत नव्हतं, आभार. पण मग मला ते जास्तच लागतं. खासदारांनी निवडलेल्या, कामगार चळवळीतून आलेल्या इतक्या माणसांनी मिळून हे केलं. १९१७ चा तो फायरमन त्या बैठकीत काय बोलला असेल, ते कुठे वाचायला मिळालं तर जरूर सांगा.