धागा विरघळला म्हणून चेहरा उतरत नाही

फेसलिफ्टमध्ये, म्हणजे ओघळलेला चेहरा वर ओढून बसवायच्या शस्त्रक्रियेत, आत घातलेला पीडीएस हा विरघळणारा धागा सहा महिन्यांत विरघळतो, म्हणजे तेव्हाच चेहरा पुन्हा ओघळणार, असा हिशेब काही जण मांडतात; तो पटत नाही. या शस्त्रक्रियेत खरा ताण कातडीखालच्या स्मास या स्नायू-तंतूंच्या थरावर देतात. टाक्याचं काम तो थर नव्या जागी चिकटून तिथे व्रणाची घट्ट ऊती तयार होईपर्यंत पकडून ठेवणं, एवढंच. त्याला साधारण सहा-आठ आठवडे लागतात. पुढे चेहरा धरतो तो व्रण, धागा नव्हे. नायलॉन किंवा प्रोलीनसारखा न विरघळणारा धागा कायम राहिला तरी मऊ ऊतीवर ताण जास्त पडला, तर तारेने चीज कापावं तसा तो ऊती कापत सरकतो. गाठ शाबूत आणि पकड गेलेली!

धाग्याचं वस्तुमान संपणं आणि ताकद संपणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र या हिशेबात सुटतं. व्हिक्रिल हा दुसरा विरघळणारा धागा पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात, पण तिसऱ्या आठवड्यातच ताकद निम्मी होते. ३-० जाडीच्या पीडीएसची ताकद चार आठवड्यांनीही सुमारे ७० टक्के टिकते, त्याहून बारीक ४-० ची मात्र ४० टक्क्यांवर येते. म्हणून नुसतं 'विरघळणारा का?' न विचारता कोणता धागा, किती जाडीचा, ते सर्जनला विचारा. कायमच्या धाग्याची खरी कटकट पातळ कातडीच्या लोकांना: कानापुढे गाठ बोटाला लागते, कधी महिन्यांनी पुळी येऊन धागा बाहेर डोकावतो. विणलेल्या धाग्याच्या फटींत जंतू दडतात, त्यामुळे तिथे हे जास्त. कानापुढचे कातडीवरचे नायलॉनचे टाके तसेही पाच-सात दिवसांत काढतातच.