प्रतिसाद: एचआयव्हीचा व्हायरल लोड शून्य, तरी हृदयाकडे लक्ष हवंच

वर विचारलंय, ‘एचआयव्हीच्या गोळ्या नियमित आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही, मग हार्टची भीती कशाला?’ भीती नको, पण तपासणी हवी. विषाणू दबला तरी शरीरात बारीक दाह चालू राहतो आणि रक्तवाहिन्यांत चरबीचे थर लवकर साचतात. 2023च्या रिप्राइव्ह अभ्यासात 40 ते 75 वयाच्या, हृदयविकाराचा कमी-मध्यम धोका असलेल्या एचआयव्ही रुग्णांना रोज 4 मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) दिलं, तेव्हा हृदयविकाराच्या मोठ्या घटना सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाल्या. तेव्हा चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असलं तरी स्टॅटिनबद्दल विचाराच.

खरी गडबड आपल्या सीमाभागात होते. एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) कोल्हापुरातून, हार्टचे डॉक्टर बेळगावात, आणि लाजेपोटी एकीकडचं दुसरीकडे सांगायचं नाही! रिटोनाव्हिर असलेल्या एचआयव्हीच्या गोळ्यांसोबत सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन कधीच नको: रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढून स्नायू झिजतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. डोल्युटेग्राव्हिर ही एचआयव्हीची गोळी घेणाऱ्यांना ती अडचण नाही, पण त्यासोबत मधुमेहाचं मेटफॉर्मिन दिवसाला 1000 मिलिग्रॅमवर सहसा नेत नाहीत. गोळ्यांची पाकिटं दोन्हीकडे दाखवा.

आणि निपाणीकडच्या मंडळींनो, विडी आधी सोडा. एआरटी मात्र स्वतःहून कधीच बंद करू नका, त्यानं दाह आणखी भडकतो.