मार्शल: आडनाव की हुद्दा?

प्रश्न: इंग्लंडच्या इतिहासात विल्यम मार्शल नावाचा सरदार भेटतो. हा 'मार्शल' म्हणजे फील्ड मार्शलमधलाच का? की नुसतं आडनाव? आणि 'मार्शल लॉ'चं काय?

– मार्शल लॉचा काही संबंध नाही. तो शब्द मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आलाय. इंग्रजीत स्पेलिंग वेगळं, देवनागरीत मात्र दोघे एकाच वेशात फिरतात, म्हणून घोटाळा. फील्ड मार्शलमधला मार्शल मात्र हाच. मूळ जर्मानिक, 'घोडा' अधिक 'चाकर', म्हणजे मोतद्दार! पुढे तो राजाच्या पागेचा अधिकारी झाला आणि मग थेट सेनापतीच्या रांगेत जाऊन बसला. विधानसभेत गोंधळी आमदारांना उचलून बाहेर नेणारे मार्शलही याच वंशातले.

– म्हणजे आपले पागनीस म्हणा की!

– अगदी. विल्यमचा बाप जॉन राजदरबारी मार्शल होता, हुद्दा वंशपरंपरागत, त्याचंच आडनाव झालं. बाप मोठा नग. 1152 मध्ये न्यूबरीच्या वेढ्यात राजा स्टीफनकडे पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस होता. 'किल्ला देण्याचा शब्द मोडलास तर पोराला फासावर चढवीन', असा निरोप जॉनला गेला. बाप म्हणे, 'ऐरण-हातोडा माझ्याकडे आहे, याहून चांगली पोरं घडवीन'! राजालाच दया आली, पोरगा वाचला.

– पण विल्यम पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा उमराव ना? मग मार्शल कशाला म्हणायचं?

– अर्लपद बायकोकडून आलं. 1189 मध्ये इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं. ती पेम्ब्रोकचा सरदार 'स्ट्राँगबो' आणि आयर्लंडमधल्या लेन्स्टरची राजकन्या ईफा यांची मुलगी, अफाट जमिनीची वारस. मार्शलपद थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर 1194 मध्ये मिळालं. लग्नाआधी बरीच वर्षं हा जमीन नसलेला धाकटा मुलगा, टूर्नामेंट (घोडेस्वार योद्ध्यांच्या लुटुपुटुच्या लढाया) जिंकून पोट भरणारा. तरी 1216 मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा कारभार याच्याच हाती आला, आणि 1217 ला सत्तरीच्या आसपास असताना लिंकनच्या लढाईत स्वतः घोड्यावर होता. आपल्याकडे त्याला 'सरदार' म्हणतात, पण शेवटची तीन वर्षं त्याचं काम 'कारभारी' शब्दात जास्त नीट बसतं.

– वंश पुढे चालला?

– 1219 मध्ये तो गेला. पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि औरस वारस न ठेवता गेले. गिल्बर्ट तर 1241 मध्ये टूर्नामेंटमध्येच. 1245 ला पुरुषवंश संपला. हुद्दा थोरली मुलगी मॉड हिच्याकडून बिगॉड घराण्यात गेला. 'अर्ल मार्शल' हे पद आजही आहे, नॉरफोकच्या ड्यूककडे. 2023 मध्ये चार्ल्स राजाच्या राज्याभिषेकाची व्यवस्था त्यांनीच पाहिली.