सोलापुरात घरासाठी एसयूव्ही: वापरून काय कळलं ते लिहा

जुळे सोलापूर

आमच्याकडे २०१३ ची हॅचबॅक आहे. पोरं मोठी झाली, आईचे गुडघे दुखतात, गाडी पुरेना. ऑन रोड १५ लाखांपर्यंत एसयूव्ही घ्यायची ठरवलंय. महिन्यातून एकदा अक्कलकोट, वर्षातून चार-पाच वेळा पुणं, एरवी शाळा, ऑफिस, नवी पेठ. वर्षाला ९,००० किलोमीटरच्या वर चालणार नाही.

शोरूममध्ये सनरूफ दाखवतात, मोठा स्क्रीन दाखवतात. पाचव्या-सहाव्या वर्षी गाडीवर काय खर्च येतो ते कुणी सांगत नाही. म्हणून इथं विचारतोय. कोणती गाडी, किती वर्षं, किती किलोमीटर आणि पैसे कशावर गेले, एवढं लिहा. ऐकीव नको, स्वतः वापरलेलं हवं.

मी चौकशी केली त्यातली एक गोष्ट आधीच सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्यापुढे ४०. दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. ब्रेझा चार मीटरच्या आत आहे, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये. नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ १८ मध्ये. बजेट ठरवताना हे बघून घ्या.

होटगी रोड

ब्रेझा डिझेल, २०१६ ची, आजवर १,४२,००० किलोमीटर. पहिल्या दिवसापासून वहीत लिहितो, त्यामुळे आकडे पक्के आहेत. ८६,००० ला क्लच प्लेट, दोन वेळा चारही टायर, तीन बॅटऱ्या, पुढच्या सस्पेन्शनचं रबर एकदा. इंजिन उघडलेलं नाही. १२४८ सीसीचं हे इंजिन मूळ फियाटचं. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण पार्ट आजही मिळतात, आणि कुठल्याही मिस्त्रीचा हात त्यावर बसलेला आहे.

मात्र दादा, तुमच्या वापराला डिझेल घेऊ नका. हिशेब मांडून बघा. पेट्रोल १०५ रुपये आणि शहर-हायवे मिळून १३ चं मायलेज धरलं तर किलोमीटरला आठ रुपये. डिझेल ९२ आणि मायलेज १८ धरलं तर पाच. तीन रुपये वाचले. डिझेल गाडी दीड लाखानं महाग असेल तर ते वसूल व्हायला ५०,००० किलोमीटर लागतात, म्हणजे तुमची साडेपाच वर्षं. आरटीओचा टॅक्सही आपल्याकडे डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. माझी नोकरी फिरतीची होती म्हणून मला परवडलं.

मुरारजी पेठ

मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण आमची चूक दुसऱ्या कुणी करू नये असं मनापासून वाटतं. आम्ही २०१८ मध्ये एका परदेशी कंपनीची ऑटोमॅटिक घेतली. नाव लिहीत नाही. गाडी चालवायला इतकी छान होती की पुण्याला जाताना थकवाच यायचा नाही. ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता, म्हणजे दोन क्लच आळीपाळीनं वापरून आपोआप गिअर बदलणारा. पुढं एका जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत होम मैदानाच्या बाजूला अडकलो. पाऊण तास पुढं-थांब, पुढं-थांब. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला आणि गाडी जागेवरच बसली. मागं सासूबाई आणि दोन वर्षांची मुलगी.

तोवर सोलापूरचं सर्व्हिस सेंटर बंद झालं होतं. टोइंग करून गाडी पुण्याला, २५० किलोमीटर. तिथं १९ दिवस पडून, कारण पार्ट बाहेरून येणार होता. बिल १ लाख ६४ हजार. वॉरंटी पाच महिन्यांपूर्वी संपलेली. वाढीव वॉरंटी घेताना २२ हजार जास्त वाटले होते, म्हणून घेतली नव्हती.

आता मी गाडी बघते तेव्हा तीनच गोष्टी विचारते. सर्व्हिस सेंटर सोलापुरात किती वर्षांपासून आहे? पार्ट इथं ठेवतात की मागवतात? आणि ऑटोमॅटिक नेमका कोणत्या प्रकारचा? टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनचा जोर पोचवणारा, असेल तर मायलेज थोडं कमी मिळतं, पण आपल्या सात रस्त्याच्या गर्दीत तो शांतपणे चालतो. आता आमच्याकडे तोच आहे, तीन वर्षं, एकदाही बिघाड नाही.

अक्कलकोट रोड, एमआयडीसीजवळ गॅरेज आहे

ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं हाय. माझ्याकडं रोज गाड्या येतात, कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांच्याच येतात. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ म्हणून फिल्टर असतो, धुरातली काजळी त्यात अडकते. ती जळायला गाडी हायवेला एका वेगात चालायला लागते. घर ते शाळा, शाळा ते दुकान एवढीच तीन किलोमीटर फिरवली की फिल्टर भरतो, दिवा लागतो, आणि मग लोक म्हणतात गाडी खराब. गाडी चांगली असते की ओ, वापर चुकीचा असतो. दिवा लागला की विजापूर रोडला अर्धा तास नेऊन आणा, बहुतेक वेळा काम होतंय.

आपल्या मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. बॅटरी इथं तीन वर्षं टिकली तर खूप झालं. कूलंटच्या जागी साधं पाणी ओतू नका. नवी गाडी घेताना टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ असेल तर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी यंदाची सांगून टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला तर ती गाडी यार्डात उन्हात उभी होती असं समजा, आणि तारीख विचारा.

मोहोळ तालुका

बोलेरो, अकरा वर्षं. आमच्या वस्तीचा रस्ता काळ्या रानातनं जातो. पावसाळ्यात भावाची नवी पुढच्या चाकांवर चालणारी एसयूव्ही चिखलात रुतली, बोलेरोनं ओढून काढली. तिचा जोर मागच्या चाकांवर, खाली चॅसी, मागं स्प्रिंगचे पाटे. हिसके बसतात, पुण्यापर्यंत गेलं की कंबर धरते, हे मान्य. पण मोडलं तर मोहोळच्या स्टँडवर कुणीही दुरुस्त करतंय. आम्हाला भरवशाची म्हणजे हीच. तुम्ही शहरातले, तुम्हाला हिची गरज नाही.

विजापूर रोड, सरकारी नोकरी, दोन मुलांची आई

इथं सगळे दुरुस्तीवर बोलताहेत, मला दुसरं सांगायचंय. डिसेंबर २०२३, रात्री साडेआठ, टेंभुर्णीच्या अलीकडे. साखर कारखान्यांचा हंगाम. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. नवऱ्यानं ब्रेक मारला, तरी उजवी बाजू धडकली. एअरबॅग उघडल्या. पुढचा भाग पार गेला, पण आमच्या बसायच्या जागेला धक्का नाही. धाकटा चाइल्ड सीटमध्ये, आयसोफिक्सनं, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या लोखंडी कड्यांना, अडकवलेला. त्याला खरचटलंही नाही. मोठ्याला बेल्टचा वळ उठला, तो मी अजून विसरले नाही.

घेताना आम्ही वरचं मॉडेल सोडून धडक चाचणीत पाच तारे मिळालेली घेतली होती, सनरूफ नसलेली. तारे बघताना वर्षही बघा. नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे २०१८ मध्ये मिळाले, भारतातल्या गाडीला पहिल्यांदाच. पण २०२२ मध्ये त्यांनी निकष कडक केले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, सुरू झाली. जुने पाच आणि नवे पाच सारखे नाहीत. आणि मागच्या सीटवर बेल्ट लावत नसाल तर त्या ताऱ्यांचा तुमच्या मुलांना काहीच उपयोग नाही. कृपा करून लावा.

बाळे

मी सेकंड हँड घेतली, चार वर्षांची, ५१,००० चाललेली, नव्याच्या जवळजवळ निम्म्या किमतीत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितले, तळाशी गाळाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असते. सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन किलोमीटरची नोंद पडताळली. बँकेचा बोजा उतरलेला आहे का ते आरसीवर बघितलं. नसेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तुमची हॅचबॅक विकताना त्याचं पत्र विमा कंपनीकडून घ्या, पाच वर्षं क्लेम नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते.

सात रस्ता

एक लहानशी गोष्ट. आमची आई नऊवारी नेसते. उंच गाडी घेतली, आणि पहिल्याच दिवशी तिला चढता येईना. फुटस्टेप लावली, तरी हात धरायला कुणीतरी लागतंच. ती आता तुळजापूरला यायचं टाळते. म्हणते, तुम्ही जाऊन या. घेण्याआधी तिला एकदा बसवून बघायचं आम्हाला सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतं.

जुळे सोलापूर

तुम्ही सगळ्यांनी एवढं मन लावून लिहिलंत, बायकोला रात्री बसून सगळं वाचून दाखवलं. डिझेल सोडलं. ड्युअल क्लच सोडला. यादीत आता दोनच उरल्यात, दोन्ही पेट्रोल, दोन्ही १८ टक्क्यांतल्या, दोन्हींचं सर्व्हिस सेंटर इथं बरीच वर्षं आहे. सनरूफचे पैसे सहा एअरबॅग आणि वाढीव वॉरंटीकडे वळवलेत.

सात रस्त्याच्या काकांनी शेवटी त्यांच्या आईचं लिहिलंय, ते वाचून मी माझ्या आईला विचारलं. ती म्हणाली, मला कशाला, तुम्ही घ्या की. तरी शोरूमला फोन करून ठेवलाय. रविवारी सकाळी आईला घेऊन येतो, तीच मागच्या सीटवर बसेल, कुंभारीपर्यंत जाऊन येऊ. तिथं तिला स्वतःहून उतरता-चढता आलं त्या गाडीला टोकन देणार.