मदत हवी आहे: स्पॉट सर्व्हरच्या क्लस्टरवर स्वान, एक मशीन गेलं की अख्खा रन पहिल्यापासून

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीत इंजिनीअरिंग कॉलेजात स्थापत्य शाखेला शिकवतो. मी आणि शेवटच्या वर्षाची काही मुलं मिळून मिऱ्या-पंधरामाड पट्ट्यातल्या लाटांचा अभ्यास करतोय. दर पावसाळ्यात इथली जमीन समुद्र खातो, बंधाऱ्याचे दगड सरकतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार हे जहाज याच बंधाऱ्यावर येऊन आदळलं होतं. त्या दिवशी लाट किती उंच होती, कुठल्या दिशेने आली, किती तास टिकली हे आकड्यांत मांडता आलं, तर बंधाऱ्याचा विषय निघाल्यावर गावकऱ्यांच्या हाती बोलायला काही ठोस असेल. त्यासाठी फयान (२००९), क्यार (२०१९), निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) ही चार वादळं स्वान या लाटांचं गणित करणाऱ्या मॉडेलवर चालवायची आहेत. वारा ईआरए५ या जागतिक हवामानाच्या संचातला, खोल समुद्राची खोली जेबको या समुद्रतळाच्या नकाशातली.

लॅबमधल्या मशीनवर हे होण्यासारखं नाही. जूनमध्ये आमच्याकडे लाइट गेली की कधी येईल याचा नेम नसतो आणि इन्व्हर्टर फार तर पंखे-दिवे ओढतो. पूर्ण दराने क्लाउड घ्यायचं तर विभागाला परवडत नाही. म्हणून स्पॉटकडे वळलो. रिकामी पडलेली क्षमता सवलतीत मिळते, त्यांना ती लागली की परत घेतात. ॲमेझॉनकडे ही सवलत ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते आणि परत घेण्याआधी दोन मिनिटांची सूचना मिळते. ही अट माहीत असूनच घेतलंय, त्याबद्दल तक्रार नाही. त्या अटीत राहून क्लस्टर कसं मांडायचं, हे विचारायचं आहे.

आत्ताची मांडणी अशी: मुंबई रीजन (ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र), पॅरललक्लस्टर ३ (ॲमेझॉनवर एकत्र काम करणाऱ्या मशीनचा गट, म्हणजे क्लस्टर, उभारणारं साधन), स्लर्म (जॉब रांगेत लावून मशीनवर सोडणारा प्रोग्राम). हेड नोड, म्हणजे काम वाटणारं मुख्य मशीन, लहान आणि पूर्ण दराचा. रांग एकच:

कपॅसिटीटाइप: स्पॉट
इन्स्टन्सटाइप: सी५.९एक्सलार्ज
मिनकाउंट: ०
मॅक्सकाउंट: ४
स्पॉटप्राइस: (दराची कमाल मर्यादा, डॉलरमध्ये, पूर्ण दराच्या साधारण ४० टक्के)

एक वादळ म्हणजे दहा दिवसांचा समुद्र, चार मशीनवर एमपीआयने (एकच काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारी पद्धत) पसरलेला. मधे एक मशीन गेलं की एमपीआयचा सगळा डाव मोडतो, स्लर्म जॉबपुढे नोड फेल लिहितो आणि जॉब पुन्हा रांगेत लावतो. इथपर्यंत ठीक. पण तो पुन्हा सुरू होतो वादळाच्या पहिल्या दिवसापासून. क्यारचा रन सातव्या दिवसापर्यंत जाऊन असा मागे आला तेव्हा मुलं फार हिरमुसली.

दराची मर्यादा वाढवू का? निम्मी मशीन पूर्ण दराची आणि निम्मी स्पॉट असं केलं तर फायदा होईल का? आणि दोन मिनिटांच्या सूचनेत स्वानची अवस्था वाचवता येते का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. मुलांना प्रकल्प पावसाळ्याआधी द्यायचा आहे.

प्रतिसाद (कुडाळ)

सर, विषय फार मोलाचा घेतलाय. आधी दराचं सांगतो. स्पॉटप्राइसची ओळच काढून टाका. बोली लावण्याची जुनी पद्धत ॲमेझॉनने २०१७ च्या शेवटी बंद केली, नेटवरचे बरेच लेख मात्र अजून तीच शिकवतात. आता दर हळूहळू हलतो. ओळ लिहिली नाही तर मर्यादा आपोआप पूर्ण दराइतकी धरली जाते, आणि बिल येतं ते चालू स्पॉट दराने, मर्यादेच्या आकड्याने नाही. ४० टक्क्यांवर अडवून ठेवलंत तर दर जरासा वर सरकला तरी मशीन जाणार. खर्च वाचत नाही, व्यत्यय तेवढे वाढतात. मागच्या ९० दिवसांचे दर कन्सोलवर दिसतात, त्यावरून अंदाज घ्या.

निम्मी-निम्मी करू नका. एमपीआयच्या एकाच जॉबमध्ये एक जरी स्पॉट मशीन असलं तरी अख्खा जॉब त्याच्याच आयुष्याएवढा. पूर्ण दराच्या मशीनचे पैसे फुकट जातील.

खरी अडचण मला ९एक्सलार्जमध्ये दिसते. पॅरललक्लस्टरमध्ये एका कॉम्प्युट रिसोर्सखाली (रांगेतल्या मशीनच्या एका गटाखाली) अनेक प्रकारची मशीन देता येतात, पण सगळ्यांचे व्हीसीपीयू (क्लाउडवर मोजले जाणारे प्रोसेसर) सारखे लागतात. ९एक्सलार्जचे ३६. या आकड्याला सी५ची भावंडं आणि काही जुनी मशीन सोडली तर फारसे जोडीदार मिळत नाहीत, त्यामुळे तुम्ही मोकळ्या मशीनच्या एकाच साठ्यावर अवलंबून आहात. १२एक्सलार्ज घ्या, ४८ व्हीसीपीयू. मग सी५, सी५ए, सी६आय, एम५, एम६आय सगळी एका यादीत बसतात. सोबत अलोकेशनस्ट्रॅटेजी (कुठल्या साठ्यातून मशीन उचलायचं तो नियम) कपॅसिटी-ऑप्टिमाइझ्ड करा. काही लिहिलं नसेल तर ती लोएस्ट-प्राइस असते, म्हणजे सर्वांत स्वस्त तिथून उचल. स्वस्त साठ्यात मोकळी मशीन पुरेशी असतीलच असं नाही. आमच्याकडे मासळी घेताना एकाच होडीची वाट बघत बसत नाहीत, जिच्यात माल जास्त तिच्याकडे जातात, तसंच हे.

आणि चार मशीनवर पसरायची गरज आहे का तेही बघा. तुमची वादळं चार आहेत. एक वादळ एका मशीनवर, चारही एकाच वेळी. एक मशीन गेलं तर एकच वादळ थांबेल, बाकीची तीन चालू राहतील. प्रत्येक रन लांबेल हे खरं, पण चारही वादळं हातात यायला लागणारा एकूण वेळ फारसा वाढणार नाही, कारण मशीन-मशीनमधलं नेटवर्कवरचं बोलणंच संपतं. हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन भासवणं) बंद ठेवा. इंटेलवर ४८ व्हीसीपीयू म्हणजे खरे कोअर २४, स्वानला त्या दुपटीचा उपयोग नाही.

प्रतिसाद (मूळ देवगड, सध्या पुणे)

वरच्याशी सहमत. रीस्टार्टबद्दल मी लिहिते, कारण स्वानवर बरंच काम केलंय.

दोन मिनिटांच्या सूचनेवर विसंबू नका. स्वान हॉटफाइल (त्या क्षणाची अवस्था साठवलेली फाइल) लिहितो तो एक कॉम्प्युट आज्ञा पूर्ण झाल्यावर. बाहेरून सिग्नल दिला म्हणून मधेच लिहीत नाही. त्यामुळे दहा दिवसांची एक लांबलचक आज्ञा देण्याऐवजी सहा-सहा तासांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याची स्वतंत्र इनपुट फाइल, शेवटी हॉटफाइल, आणि पुढचा तुकडा इनिशियल हॉटस्टार्टने ती वाचून सुरू. मशीन कधीही गेलं तरी नुकसान फार तर एका तुकड्याचं. तुकडे करायला छोटी पायथन स्क्रिप्ट पुरते.

तुकडा संपला की हॉटफाइल हेड नोडवरून शेअर झालेल्या डिस्कवर आधी तात्पुरत्या नावाने कॉपी करा आणि कॉपी पूर्ण झाल्यावरच तिचं नाव बदला. नाहीतर कॉपी चालू असताना मशीन गेलं की अर्धवट फाइल राहते आणि पुढचा रन तीच उचलतो. हा दोष फार उशिरा लक्षात येतो, म्हणून आवर्जून सांगते. रन फक्त नोडच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवलात तर मशीनबरोबर सगळंच जातं.

जॉब स्क्रिप्टमध्ये रीक्यू (पुन्हा रांगेत लावणं) चालू ठेवा आणि लॉग अपेंड मोडमध्ये (जुन्या नोंदींपुढे लिहिणारा). स्क्रिप्टने सुरुवातीला शेअर डिस्कवरची शेवटची पूर्ण हॉटफाइल शोधायची आणि तिथून पुढे निघायचं. पहिली खेप की पाचवी, स्क्रिप्टला फरक पडू नये.

एमपीआयमध्ये हॉटफाइल प्रत्येक प्रोसेसची वेगळी लिहिली जाते. पुढच्या खेपेला एएमडीचं मशीन (सी५ए) आलं आणि तुम्ही कोअरचा आकडा बदललात तर त्या फाइली जुळणार नाहीत. एका मशीनवर ओपनएमपीने (एकाच मशीनच्या कोअरमध्ये काम वाटणारी पद्धत) चालवलंत तर फाइल एकच येते, हा प्रश्नच उरत नाही. आणि कंपाइल करताना मार्च-नेटिव्ह (ज्या मशीनवर बांधतोय त्याच्याच प्रोसेसरसाठी प्रोग्राम घडवणारा पर्याय) टाकू नका. सी६आयवर तसा बांधलेला प्रोग्राम सी५ए वर इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून पडतो. एव्हीएक्स२ या प्रोसेसरच्या सूचनांपर्यंतच थांबा, ते या सगळ्या प्रकारांत आहे.

जाता जाता, चक्रीवादळाच्या केंद्राजवळचा जोर ईआरए५ कमी दाखवतो. निसर्गसाठी वादळाच्या मार्गावरून काढलेला वारा त्यात मिसळल्याशिवाय लाटेच्या उंचीवर भरवसा ठेवू नका. ते आकडे गावकऱ्यांसमोर जाणार आहेत, म्हणून सांगितलं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ताई, वाऱ्याचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आजच मुलांना त्यावर बसवतो. तुकड्यांनी चालवून निसर्ग पूर्ण झाला, मधे मशीन गेलं तरी रन अगदी जवळून पुन्हा सुरू झाला. आता चारही वादळं एकदम लावली तर तीनच मशीन उभी राहतात, बाकी एक जॉब थांबून राहतो. क्षमता नाही म्हणावं, तर हेड नोडच्या लॉगमध्ये मॅक्स स्पॉट इन्स्टन्स काउंट एक्सीडेड असं येतंय.

प्रतिसाद (कुडाळ)

हा साठ्याचा नाही, तुमच्या खात्याच्या कोट्याचा प्रश्न आहे. साठा संपला असता तर इनसफिशियंट इन्स्टन्स कपॅसिटी आलं असतं. स्पॉटचा कोटा पूर्ण दराच्या कोट्यापासून वेगळा असतो आणि मशीनवर नाही, व्हीसीपीयूवर मोजतात. तुम्हाला ४ गुणिले ४८ म्हणजे १९२ लागतील. हायपरथ्रेडिंग बंद केलं तरी मोजणी ४८ नेच होते. सर्व्हिस कोटामध्ये स्टँडर्ड स्पॉट रिक्वेस्ट शोधा, रीजन मुंबईच आहे ना ते बघा, आणि २५६ मागा. कारण लिहिताना शैक्षणिक काम, चार समांतर जॉब, ४८ चं मशीन असं स्पष्ट लिहा.

कोटा मिळाला की रांगेला मुंबईतल्या तिन्ही झोनचे (वेगवेगळ्या डेटा सेंटरचे) सबनेट (नेटवर्कचे भाग) द्या. पॅरललक्लस्टर ३.४ पासून ते चालतं. एकेका मशीनचे जॉब असल्यामुळे प्लेसमेंट ग्रुप (मशीन जवळजवळ ठेवण्याची सोय) तुम्हाला नकोच आहे, आणि अनेक झोनसोबत तो चालतही नाही. झोनमधून झोनमध्ये जाणाऱ्या डेटाचे थोडे पैसे लागतात, तेव्हा वाऱ्याच्या फाइली प्रत्येक तुकड्याला पुन्हा पुन्हा ओढू नका. जॉब सुरू होताना एकदाच नोडवर उतरवून घ्या.